जुनी जर्मन मोटार: बखर आणि दफ्तर

पैशाचे व्यवहार आणि इतिहासाचा अभ्यास या दोन गोष्टींचा परस्परांशीं फारसा संबंध नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्याची जागा बाजारांत, दुसऱ्याची ग्रंथालयांत. परंतु मध्यम वर्गांतील कुटुंबांपुढें अलीकडे वारंवार उभा राहणारा एक प्रश्न असा आहे कीं, त्याचा उलगडा नुसत्या हिशेबानें होत नाहीं. नव्या, साध्या मोटारीस जितके पैसे पडतात तितक्याच पैशांत सहा-सात वर्षें वापरलेली जर्मन घराण्याची, आटोपशीर बांध्याची पण उंच व ऐटदार मोटार मिळत असेल, तर ती घ्यावी कीं घेऊं नये? बी. एम. डब्ल्यू.ची एक्स-१, ऑडीची क्यू-३, मर्सिडीज-बेंझची जी. एल. ए. या त्या जातीच्या गाड्या. घरांतील तरुण मंडळींचें मत बहुधा आधींच ठरलेलें असतें, आणि वडील मंडळी 'पांढरा हत्ती दारीं बांधूं नये' एवढें म्हणून मोकळीं होतात. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा, पण पुरावा थोडा.

वापरलेली वस्तु घेणारा मनुष्य वस्तूबरोबर तिचा भूतकाळहि विकत घेतो. हा भूतकाळ त्यानें पाहिलेला नसतो. ज्यानें पाहिलेला असतो त्याला तो सांगण्यांत स्वारस्य नसतें. म्हणजे अपुऱ्या आणि पक्षपाती साधनांवरून गतकालाविषयीं निर्णय करण्याचा हा प्रसंग आहे. आणि इतिहासाचा धंदा याहून निराळा तो काय? म्हणून या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनें जावें असें आम्हांस वाटतें.

विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात, हा पेंच मोटारीइतका अर्वाचीन नाहीं. प्राचीन रोमच्या बाजारावर 'ईडाइल' नांवाच्या अधिकाऱ्यांची देखरेख असे. गुलाम आणि जनावरें विकणारांनीं त्यांचे रोग व दोष उघड सांगितले पाहिजेत, असा त्यांनीं जाहीरनामा काढला होता. दोष लपविलेला आढळला तर घेणाऱ्यास सहा महिन्यांच्या आंत सौदा मोडतां येई, किंवा एका वर्षाच्या आंत किंमत कमी करून मागतां येई. माणसांस जनावरांच्या पंक्तीस बसविणाऱ्या त्या बाजाराचें स्मरण सुखाचें नाहीं. पण विक्रेत्याच्या मौनालाहि कायद्यानें जाब विचारावा, ही कल्पना तेथें रुजली हें खरें.

ख्रिस्तपूर्व ४४ सालीं सिसरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत याच प्रश्नाचा ऊहापोह आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें जहाज घेऊन तेथें पोंचतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे. तें त्यानें सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें धान्य विकावें? दुसरा एक गृहस्थ घर विकूं पाहतो. घर रोगट आहे आणि लांकूडकाम निकृष्ट आहे, पण ही गोष्ट मालकावांचून कोणास माहीत नाहीं. बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो कीं, कायदा सांगतो तेवढें सांगितलें म्हणजे झालें. बाकीचें न सांगणें म्हणजे फसवणूक नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, विकणाऱ्यास जें ठाऊक तें सारें घेणाऱ्यास कळलें पाहिजे. सिसरोनें कौल शिष्याच्या बाजूनें दिला. पुढील दोन हजार वर्षांत बाजार मात्र बहुतेक गुरूच्याच मतानें चालला.

इंग्लंडांत १६०३ सालीं एक खटला झाला. एका सोनारानें विषावर उतारा म्हणून ख्यात असलेला 'बेझोर' खडा, म्हणून एक खडा शंभर पौंडांस विकला. तो खडा बेझोर नव्हताच. न्यायालयानें ठरविलें कीं, 'हा बेझोर आहे' असें नुसतें म्हणणें वेगळें आणि तशी हमी देणें वेगळें. हमी दिली नसल्यामुळें दावा चालत नाहीं. घेणारानें सावध असावें, या सूत्राचा इंग्रजी कायद्यांतील हा गाजलेला दाखला होय. हेंच सूत्र पुढें आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमांत उतरलें. त्या कलमाचा सारांश असा कीं, मालाच्या गुणाबद्दल विकणाऱ्याची गर्भित हमी सामान्यतः नसते. विकणारा त्याच धंद्यांतला असून घेणाऱ्यानें आपली गरज सांगून त्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली असेल, तर मात्र ती असते. आणि घेणाऱ्यानें माल तपासला असल्यास, तपासणींत दिसावयास हवे होते अशा दोषांबद्दल त्याला तक्रार करतां येत नाहीं. वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. शेजारच्या गृहस्थाकडून खासगी रीतीनें घेतलेली गाडी आणि गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली गाडी कायद्याच्या दृष्टीनें एक नव्हेत.

या जुन्या पेंचाला अर्थशास्त्राचें रूप १९७० सालीं मिळालें. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन पंडितानें जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तत्पूर्वीं तीन नियतकालिकांनीं तो परत केला होता. २००१ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान जेव्हां त्याला दोघां सहकाऱ्यांसह मिळाला, तेव्हां त्याचें मूळ या निबंधांतच होतें. त्याचें म्हणणें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. निर्दोष गाडीची योग्य किंमत वीस लाख व सदोष गाडीची दहा लाख आहे, पण बाहेरून दोन्ही सारख्याच चकाकतात, असें समजा. घेणारा शहाणा असला तर मधली किंमत, म्हणजे पंधरा लाख, देऊं करील. परंतु ज्याची गाडी निर्दोष आहे तो ती पंधरा लाखांस कां देईल? तो ती घरींच ठेवील. मग बाजारांत सदोष गाड्यांचें प्रमाण वाढेल, घेणारे आणखी कमी देऊं करतील, आणि उरल्यासुरल्या बऱ्या गाड्याहि माघार घेतील. खोटें नाणें खऱ्या नाण्यास हुसकून लावतें, त्यांतलाच हा प्रकार. याच निबंधांत हिंदुस्थानांतील कर्जव्यवहाराचा दाखला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. गांवचा सावकार जबर व्याज घेऊनहि टिकतो, कारण ऋणकोची पत त्याला घरोघर ठाऊक असते आणि परक्याला ती नसते, असें अॅकरलॉफनें दाखविलें आहे.

या सिद्धांतांतून घेणाऱ्यानें एक प्रश्न उचलावा: ही गाडी विकली कां जात आहे? विकण्याचें कारण गाडीच्या गुणदोषांशीं निगडित नसेल, म्हणजे मालकाची परदेशीं बदली झाली, कंपनीच्या भाडेकराराची मुदत संपली, घरांतील चालविणारा माणूस राहिला नाहीं, तर ती गाडी संशयाच्या भोंवऱ्यांतून बरीचशी बाहेर पडते. 'आतां मोठी गाडी घ्यावयाची आहे' हें उत्तर खोटें असेलच असें नाहीं. पण तें कसोटीला लागत नाहीं, आणि म्हणून त्याचें मोल थोडें.

आतां 'जर्मन' या विशेषणाकडे वळूं, कारण किंमत मुख्यतः त्याचीच असते. जर्मन मालाची ही कीर्ति जन्मजात नव्हे. १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत जर्मनीचा प्रतिनिधि म्हणून गेलेल्या फ्रान्झ रॉयलो या यंत्रशास्त्रज्ञानें आपल्याच देशाच्या मालास 'स्वस्त आणि वाईट' असा शेरा दिला, आणि मायदेशीं एकच गहजब उडाला. १८८७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें व्यापारचिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर उगमाची खूण घालावयास लावली. हेतु हा कीं, गिऱ्हाइकानें जर्मन माल ओळखून टाळावा. झालें उलट. 'मेड इन जर्मनी' हा कलंक म्हणून मारलेला शिक्का हळूहळू भूषण बनला, आणि १८९६ सालीं त्याच नांवाचें पुस्तक लिहून एका इंग्रज लेखकानें जर्मन स्पर्धेबद्दल धोक्याची घंटा वाजविली. ज्यांना हिणविलें गेलें त्यांनीं रागावण्याऐवजीं माल सुधारला, हें यांतील मर्म.

मोटारीचा जन्महि याच काळांतला. कार्ल बेंझ यास २९ जानेवारी १८८६ या तारखेचें पेटंट मिळालें. पण यंत्र कागदावर आणि यंत्र रस्त्यावर यांत अंतर असतें, आणि तें प्रथम कापलें त्याच्या पत्नीनें. १८८८ च्या ऑगस्टांत बेर्टा बेंझ पतीस न सांगतां दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारें शंभर किलोमीटर, मोटार घेऊन गेली. वाटेंत इंधन संपलें तें वीसलॉख गांवच्या औषधाच्या दुकानांतून घेतलें. तुंबलेली नळी टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. झिजलेल्या ब्रेकास चांभाराकडून कातडें मारून घेतलें. जर्मन मोटारीच्या कीर्तीच्या मुळाशीं दुरुस्तीची ही कथा आहे. ती गाडी बिघडली नाहीं असें कोणीच म्हणत नाहीं. ती बिघडली, आणि वाटेवरच्या माणसांना ती नीट करतां आली, यांत तिचा विजय होता. आजच्या गाडीच्या पोटांत डझनांनीं संगणक असतात. टांचणी आणि कातडें तेथें चालत नाहींत, आणि औषधाच्या दुकानदारानें वीसलॉखला जें केलें तें आज महाबळेश्वरच्या घाटांत कोणी करूं शकणार नाहीं.

कीर्तीचे पुढील अध्याय सगळेच उजळ नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत या कारखान्यांनीं वेठीच्या मजुरांकडून काम करून घेतलें. ९ डिसेंबर १९५९ रोजीं बी. एम. डब्ल्यू. कंपनी डाइमलर-बेंझच्या पदरांत पडण्याच्या बेतांत होती. म्युनिकच्या सभेंत लहान भागीदार व विक्रेते अडून बसले म्हणून ती वांचली. आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें फोक्सवागेनचा डाव उघड केला. डीझेल गाडीची परीक्षा चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी योजना तिच्या संगणकांत केलेली होती; जगभर सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत ती असल्याचें कंपनीनें मान्य केलें. ऑडीच्या गाड्याहि त्यांत होत्या. म्हणजे डायोजेनीस आणि अँटिपेटर यांचा वाद जुन्या गाड्यांच्या दलालापुरता नाहीं. तो कारखान्याच्या दारापर्यंत जातो.

ज्या जातीच्या गाडीचा येथें विचार चालला आहे ती जात फार अलीकडची. मर्सिडीजची पहिली तसली गाडी १९९७ सालीं निघाली ती अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत, बी. एम. डब्ल्यू.ची एक्स-५ १९९९ सालीं निघाली तीहि अमेरिकेंतच, दक्षिण कॅरोलिनांत. हाच थाट लहान अंगावर चढवून २००९ सालीं एक्स-१, २०११ सालीं क्यू-३ आणि २०१३ सालीं जी. एल. ए. या गाड्या पुढें आल्या. यांपैकीं पहिली एक्स-१ लाइप्झिग येथें होई, तर पहिली क्यू-३ स्पेनमधील मार्तोरेल गांवीं. आपल्याकडे तर या घराण्यांच्या गाड्या बहुतांशीं इकडेच जुळविल्या जातात: बी. एम. डब्ल्यू.च्या २००७ पासून चेन्नईजवळ, मर्सिडीजच्या चाकणला, ऑडीच्या औरंगाबादेस, ज्यास २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर म्हणतात. मर्सिडीजचा आणि या देशाचा संबंध तर त्याहून जुना. टाटांच्या कारखान्याशीं १९५४ सालीं पंधरा वर्षांचा करार होऊन मालमोटारी येथें बनूं लागल्या होत्या. तेव्हां 'अस्सल जर्मन' हा शब्द आतां भूगोलाचा राहिलेला नाहीं. तो आराखड्याचा आणि शिस्तीचा आहे.

या गाड्यांची किंमत इतक्या वेगानें कां उतरते? नवी गाडी घेणारा बहुधा धनिक किंवा कंपनी असते. त्यांना हमीची मुदत संपली कीं नवी हवी असते. एकाच सुमारास पुष्कळ गाड्या बाजारांत येतात, आणि हमीवांचून त्या घेण्यास धजणारे थोडे असतात. उतरलेली किंमत ही या भीतीची किंमत होय. येथेंच मध्यम वर्गाचा हिशेब चुकतो. गाडीची किंमत चाळीस लाखांवरून चौदा लाखांवर आली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत आणि कुशल कारागिराची मजुरी चाळीस लाखांच्या गाडीचीच राहते. घेणारा गाडी जुन्या भावानें घेतो, पण तिला पोसतो नव्या भावानें.

एक ठोस उदाहरण घेऊं. बी. एम. डब्ल्यू.नें २००७ सालीं 'एन-४७' नांवाचें डीझेल इंजिन काढलें. पहिल्या एक्स-१ मध्यें तें होतें. इंजिनांतील झडपांची हालचाल दट्ट्यांशीं जुळवून ठेवणारी जी सांखळी, तिला टायमिंग चेन म्हणतात. या इंजिनांत ती पुढच्या बाजूस नसून मागें, गिअरबॉक्सच्या अंगास बसविली होती. ही सांखळी अकालीं झिजल्याच्या आणि क्वचित् तुटल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. ती तुटली कीं झडपा व दट्टे एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होतें. सांखळी स्वतः फार महाग नव्हे. पण तिच्यापर्यंत पोंचण्यासाठीं गिअरबॉक्स किंवा सबंध इंजिनच उतरवावें लागतें. थंड इंजिन चालू करतांना मागच्या बाजूनें येणारा खडखडाट ही तिची पूर्वसूचना. हा आवाज ज्यानें ऐकला तो विकणारा. ज्याला इंजिन आधींच गरम करून दाखविलें जातें तो घेणारा. गाडी पाहावयास सकाळीं, इंजिन थंड असतांना जावें, असें जाणते लोक सांगतात त्याचें कारण हें.

मग सत्य कळावें कसें? येथें आपल्याच इतिहाससंशोधनाचा दाखला घेण्यासारखा आहे. १८९८ सालीं वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पानिपतच्या काळचीं अस्सल पत्रें पुढें ठेवून बखरींतील विधानें कशीं डळमळीत आहेत हें दाखविलें. बखर मागाहून, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली. पत्र त्या त्या दिवशीं, त्या त्या कामापुरतें लिहिलेलें. जुन्या गाडीच्या बाबतींत विकणाऱ्याचें बोलणें ही बखर, आणि दुरुस्तीचीं बिलें, तेल बदलल्याच्या नोंदी, विम्याच्या दाव्यांची यादी, नोंदणीचें पुस्तक हें दफ्तर. बखर रसाळ असते, आणि ती सर्वस्वीं खोटी असते असेंहि नाहीं; पण दफ्तराशीं ती जुळली पाहिजे.

दफ्तरहि तपासून घ्यावें लागतें. गाडी किती धांवली हें सांगणारें यंत्र फार जुनें आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें दर मैलास एक खडा भांड्यांत पाडणाऱ्या चाकाचें वर्णन केलें आहे. खडे मोजले कीं मैल कळले. आणि त्यांतले चार खडे उचलले कीं मैल कमी झाले, हेंहि त्या काळीं कोणास सुचलें नसेल असें नाहीं. अमेरिकेनें १९७२ सालीं आणि जर्मनीनें २००५ सालीं हा आंकडा मागें फिरविणें कायद्यानें गुन्हा ठरविलें. बेल्जियमनें २००६ पासून गाडी विकतांना तिच्या धांवेच्या नोंदींचा दाखला देणें सक्तीचें केलें. आपल्याकडे ही तपासणी घेणाऱ्यासच करावी लागते. प्रत्येक बिलावर त्या दिवशींचा आंकडा असतो. ते आंकडे तारखांच्या क्रमानें चढत गेले पाहिजेत. मधलींच दोन वर्षें बिलांवांचून असतील तर त्या मौनाचा अर्थ विचारावा. कित्येक गाड्यांत हा आंकडा एकाहून अधिक संगणकांत सांठविलेला असतो. दर्शनी पाटीवर बदलला तरी आंत जुना राहून जातो, आणि जाणत्याच्या उपकरणास तो सांपडतो.

हा जाणता मनुष्य विकणाऱ्याचा नव्हे, तर आपला असला पाहिजे. आपले पूर्वज घोडा घेण्यापूर्वीं सालोत्र्यास दाखवीत. दांत, खूर, छाती पाहून तो वय व व्यंग सांगे. घोडा विकणाऱ्याचाच सालोत्री बोलावण्याचा भोळेपणा कोणी करीत नसे. जर्मनीनें तर त्रयस्थ परीक्षकाची संस्थाच उभी केली. १८६५ सालीं मानहाइमच्या एका मद्याच्या कारखान्यांत बाष्पपात्र फुटलें, आणि दुसऱ्याच वर्षीं तेथील कारखानदारांनीं एकत्र येऊन बाष्पपात्रें तपासणारी मंडळी स्थापिली. आज 'ट्यूफ' नांवानें मोटारींची तपासणी करणाऱ्या संस्थांचें हें मूळ. ज्या देशाच्या मालावर आपण विश्वास ठेवतों, त्या देशानें स्वतः मात्र तपासणीवर विश्वास ठेवला.

कागदांचा आणखी एक भाग कायद्याचा. दिल्ली व परिसरांत दहा वर्षांहून जुन्या डीझेल गाड्यांस २०१५ सालीं हरित न्यायाधिकरणानें मनाई केली व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. २०२५ सालीं त्या न्यायालयानें मालकांवरील सक्तीची कारवाई थांबविण्याचा आदेश दिला; परंतु मधल्या काळांत तिकडील पुष्कळ डीझेल गाड्या स्वस्तांत इतर प्रांतांत गेल्या. अशी गाडी घेणाऱ्यानें तिकडील ना-हरकत दाखला आणि इकडील रस्ताकर हा खर्च किमतींत धरावा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी, आणि गाडी आपल्या नांवावर चढेपर्यंत सौदा पुरा झाला असें समजूं नये.

तर मग गाडी घ्यावी कीं घेऊं नये? आमचें मत असें: दफ्तर पूर्ण असेल, विकण्याचें कारण कसोटीला उतरत असेल, आपल्या सालोत्र्यानें थंड इंजिन ऐकलें असेल, आपल्या गांवीं ती गाडी जाणणारा कारागीर असेल, आणि किमतीशिवाय एका मोठ्या दुरुस्तीपुरती रक्कम घरांत निराळी बाजूस ठेवतां येत असेल, तर गाडी खुशाल घ्यावी. चांगली राखलेली जर्मन गाडी चालविण्यांत जें सुख आहे तें खोटें नाहीं, आणि धनिकानें टाकलेल्या वस्तूचा गुण पारखून ती वापरणें यांत कमीपणाहि नाहीं. या पांचांतील एक गोष्ट उणी असेल तर किंमत पाडून मागावी. परंतु दफ्तर किंवा राखीव रक्कम यांपैकीं एक नसेल, तर नवी साधी गाडी बरी. मुलांच्या शिक्षणाची किंवा आजारपणाची शिल्लक मोडून जी ऐट आणली जाते, ती पहिल्याच खडखडाटाबरोबर घरच्यांची झोंप घेऊन जाते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आज घेणारा पांचसहा वर्षांनीं स्वतःच विकणारा होतो, आणि सिसरोनें मुलापुढें ठेवलेला प्रश्न तेव्हां त्याच्या दारीं येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल जपून ठेवावें. आणि गिऱ्हाईक आलें कीं गाडी धुण्याआधीं तें दफ्तर त्याच्यापुढें मांडावें.